सायकलच्या दुकानापासून नांगराच्या कारखान्यापर्यंत

चाकण-तळेगाव रस्त्यावरील महाळुंगे हे नाव आज वाहन उद्योगाशी जोडले गेले आहे. बजाज ऑटोचा कारखाना येथे १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात चाकण परिसराचे रूप पालटले. मोठ्या कारखान्यांच्या आधाराने लहान उद्योगही वाढले. भाड्याचा गाळा, एखादा लेथ, ड्रिलिंग यंत्र, वेल्डिंगचा संच आणि हाताशी दोन-चार कामगार एवढ्या भांडवलावर पहिले जॉबवर्क मिळविण्यासाठी धडपडणारा तरुण या पट्ट्यात नवा नाही. त्याच्यापुढचे प्रश्नही ठरलेले असतात. नोकरी केव्हा सोडायची, कोणती वस्तू करायची, जागा कोठे घ्यायची, पहिले बिल हाती येईपर्यंत कर्जाचा हप्ता आणि मजुरी कशातून भागवायची, आणि सर्वांत अवघड म्हणजे, अनोळखी माणसाचा माल पहिल्यांदा घेणार कोण?

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बेळगावात एका चित्रकलेच्या मास्तरांना हेच प्रश्न पडले होते. त्या काळी औद्योगिक वसाहत नव्हती, लघुउद्योगाला कर्ज देणारी बँक नव्हती, आणि कारखाना हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर येत त्या मुंबईच्या कापड गिरण्या. त्या मास्तरांचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर. महाराष्ट्रातील यंत्रोद्योगाचे एक आद्य प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र वयाच्या चाळिशीपर्यंत त्यांचे भवितव्य किती अधांतरी होते, याची आठवण फारशी काढली जात नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक. घरातील वातावरण ग्रंथांचे, आणि मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे व यंत्रांकडे. शाळेच्या अभ्यासात त्यांचे मन रमले नाही. थोरले बंधू रामचंद्र ऊर्फ रामुअण्णा यांनी धाकट्या भावाची आवड ओळखली, खर्चाचा भार उचलला आणि १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

तेथे दोन वर्षे काढल्यावर एक विचित्र अडचण उभी राहिली. काही रंगांमधील फरक त्यांच्या डोळ्यांना ओळखता येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाच्या दृष्टीने हा निकालच होता. रंग हातचे गेले तरी रेषा शाबूत होती. यंत्रांची आरेखने काढण्यास रंगांची गरज नसते. या कौशल्यावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक आरेखन शिकविण्याची नोकरी मिळाली. ही संस्था १८८७ मध्ये स्थापन झाली होती, म्हणजे अगदी नवी होती. तेथील कार्यशाळा हीच लक्ष्मणरावांची खरी शाळा ठरली. फळ्यावर आकृती काढून देण्यावर त्यांचे समाधान होईना. ती वस्तू प्रत्यक्षात कशी घडते, हे ते कार्यशाळेत उभे राहून शिकले. यंत्रविद्येवरील इंग्रजी पुस्तके आणि अमेरिकन नियतकालिके त्यांनी चिकाटीने वाचली. त्यांच्याजवळ पदवी अशी कधीच नव्हती.

याच काळात मुंबईच्या रस्त्यावर त्यांच्या नजरेला सायकल पडली. दोन्ही चाके सारख्या आकाराची आणि साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमारास बाजारात आली होती. हिंदुस्थानात ती अजून नवलाईची वस्तू होती. नवलाईच्या वस्तूला गिऱ्हाईक मिळते, हे लक्ष्मणरावांनी हेरले. १८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचे दुकान थाटले आणि त्याला नाव दिले किर्लोस्कर ब्रदर्स. कामाची वाटणी सोपी होती. लक्ष्मणराव मुंबईत नोकरी सांभाळून सायकली विकत घेत व बेळगावला धाडत. रामुअण्णा त्या विकत, आणि विकत घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. शिकवणीचे पैसे वेगळे. एकोणीस वर्षांच्या मास्तरांचा हा पहिला धंदा. किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात याच वर्षापासून मोजतो.

या टप्प्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. उद्योजकांच्या चरित्रांत नोकरीला लाथ मारण्याचा प्रसंग फार रंगविला जातो. लक्ष्मणरावांनी दुकान सुरू केल्यानंतरही तब्बल नऊ वर्षे पगार सोडला नाही. मुंबईची नोकरी त्यांना घरखर्च देत होती, कार्यशाळा वापरू देत होती आणि नव्या मालाची खबरही देत होती. दुकानात नुकसान झाले असते तरी चूल विझली नसती. ही सावधगिरी कदाचित आणखी काही वर्षे चालली असती. परंतु १८९७ मध्ये पदोन्नतीची वेळ आली तेव्हा संस्थेने लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली. स्वाभिमानी लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले.

सायकलच्या धंद्याची मर्यादा त्यांच्या लवकरच ध्यानी आली. बेळगाव हे लष्करी छावणीचे व सरकारी कचेऱ्यांचे गाव. सायकल परवडणारा वर्ग तेथे होता, पण तो मूठभर होता. शिवाय दुसऱ्याने बनविलेली वस्तू विकण्यात मनातला कारागीर स्वस्थ बसत नव्हता. घाऊक गिऱ्हाईक शोधायचे तर ते शेतकऱ्यांतच होते. लक्ष्मणरावांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. निवड विचारपूर्वक होती. कडबा अख्खा टाकला तर जनावर पाने खाते व ताटे पायदळी तुडवते. तोच बारीक कापून दिला तर वाया जात नाही. ज्याच्या गोठ्यात बैल आहेत त्या प्रत्येकाला हा फायदा डोळ्यांनी दिसण्यासारखा होता आणि यंत्रही गुंतागुंतीचे नव्हते.

दुसरी वस्तू मात्र धाडसाची होती. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर तयार केला. याच वर्षी, २८ मे रोजी, त्यांचे पुत्र शंतनुराव यांचा जन्म झाला. म्हणजे वाढता संसार आणि वाढती जोखीम ही दोन्ही एकदमच दारात आली.

त्या काळातील दख्खनचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या लाकडी नांगर वापरत होता. गावचा सुतार तो घडवी, लोहार फाळ बसवी आणि दोघांनाही मजुरी बलुत्यातून मिळे. रोख पैसा मोजण्याचा प्रश्नच नव्हता. लाकडी नांगर जमीन फोडतो, परंतु माती पालथी करीत नाही. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा मातीचा थर उचलून उलटा टाकतो, त्यामुळे हरळी आणि कुंदा यांसारख्या चिवट तणांची मुळे उन्हात येऊन वाळतात. काळ्या जमिनीत हा फरक मोठा होता. परदेशी बनावटीचे असे नांगर इकडे येतही होते. पण ते परदेशी, महाग, आणि भाग मोडला तर नवा मिळविणे दुरापास्त.

नांगर तयार झाला, पण घ्यायला कोणी येईना. लोखंडाने जमिनीत विष कालवते, तिचा कस जातो, असा समज शेतकऱ्यांत पसरलेला होता. त्याला अडाणीपणा म्हणून हसणे सोपे आहे. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर गोष्ट वेगळी दिसते. नांगर वाईट निघाला तर कारखानदाराचा एक नांगर बुडतो, शेतकऱ्याचे सबंध वर्ष बुडते. अनोळखी वस्तूसाठी रोख रक्कम मोजायची आणि पुन्हा वर्षाच्या पिकाचा जुगार खेळायचा, हे त्याने का करावे? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना कोणत्याही लहान कारखानदाराला करता येईल. लोखंडात पैसा घातलेला, तो मालाच्या रूपाने शेडमध्ये पडून, आणि कामगारांचा पगार मात्र दर महिन्याला उभा. कर्जाऊ भांडवलावर चालणारा उद्योग तोट्याने मरण्यापूर्वी अनेकदा रोकड संपल्यामुळे मरतो. किर्लोस्करांचा कारखाना तगला, कारण कडबा कापण्याचे यंत्र थोडेबहुत विकले जात होते आणि रामुअण्णांसारखा भाऊ पाठीशी होता. पहिले नांगर शेतात उतरल्यावर मात्र जाहिरातीचे काम नांगरटीनेच केले. शेजारच्या बांधावरून पाहणाऱ्याला उलटलेली माती दिसत होती, पुढच्या हंगामात पीकही दिसले. मागणी हळूहळू वाढू लागली.

आणि नेमक्या त्याच वेळी पायाखालची जमीन गेली. कारखाना बेळगावच्या ठळकवाडी भागात होता. शहराची वाढ होत होती, नव्या वस्तीसाठी नगरपालिकेला ती जागा हवी होती, आणि लक्ष्मणरावांना कारखाना हलविण्यास सांगण्यात आले. चार पैसे सुटू लागले होते, तोच नवी जागा, नवे बांधकाम आणि यंत्रे हलविण्याचा खर्च समोर उभा राहिला. तेवढी रक्कम गाठीला नव्हती. लक्ष्मणरावांची चाळिशी आली होती. राजीनामा देऊन बारा वर्षे झाली होती. परत मास्तरकी पत्करण्याचे वय राहिलेले नव्हते.

या कोंडीतून वाट निघाली ती औंध संस्थानात. संस्थानच्या गादीवर १९०९ मध्ये भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी आले होते. ते स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते आणि नव्या उपक्रमांना हात देणारे राजे. लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी पूर्वीपासून स्नेह होता. एकाला रंगांनी साथ दिली होती, दुसऱ्याला दिली नव्हती, पण रेषेची ओढ दोघांनाही होती. कारखान्याचे काम अडलेले असताना लक्ष्मणरावांनी औंधमध्ये सभामंडपाच्या बांधकामाचा मक्ता घेतला. नांगर करणाऱ्याने इमारतीचे काम घ्यावे यात त्यांना कमीपणा वाटला नाही. कारागिरांना काम मिळत राहणे महत्त्वाचे होते. माणसे एकदा पांगली असती तर कारखाना पुन्हा जुळविता आला नसता. अडचण कानावर गेल्यावर बाळासाहेबांनी संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि १० हजार रुपये बिनव्याजी दिले.

जागेच्या निवडीत लक्ष्मणरावांचा खरा हिशेब दिसतो. राजधानी औंध येथे राजाश्रय, वस्ती, बाजार, सारे काही होते. रेल्वे नव्हती. त्यांनी पसंत केला तो कुंडल रोड या रेल्वे स्थानकालगतचा सुमारे ३२ एकरांचा माळ. पुणे-मिरज मार्गावरील हे आडवळणाचे स्थानक. माळावर निवडुंगाचे रान माजलेले आणि त्यात सापांचा सुळसुळाट. पण कच्चे लोखंड आणि दगडी कोळसा याच रुळांवरून येणार होता, आणि तयार नांगरही याच रुळांवरून गावोगाव जाणार होते. नांगर ही जड वस्तू. बैलगाडीच्या प्रत्येक मैलागणिक तिची किंमत चढते. राजवाड्याच्या सावलीपेक्षा मालधक्का जवळ असणे त्यांनी अधिक मोलाचे मानले. चाकणमध्ये भूखंड शोधणारा उद्योजक महामार्गापासूनचे अंतर आधी विचारतो, त्यामागचा हिशेब हाच आहे.

१० मार्च १९१० रोजी या माळावर कामाला सुरुवात झाली. बरोबर पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे होती. निवडुंग तोडणे, साप मारणे, झोपड्या उभारणे आणि यंत्रे बसविणे ही कामे एकाच वेळी चालली. वस्तीला नाव पडले किर्लोस्करवाडी. तीन वर्षांपूर्वी, १९०७ मध्ये, टाटांच्या पोलाद कंपनीसाठी दोन कोटी रुपयांहून अधिक भांडवल लोकांकडून उभे राहिले होते. तेथेही एक औद्योगिक नगर वसत होते. इकडे १० हजारांच्या कर्जावर वसत असलेल्या गावाची दखल त्या वेळी कोणी घेतली असण्याचा संभव नाही.

लक्ष्मणरावांचे भांडवल पैशात थोडे होते, माणसांत मोठे होते. रामुअण्णांनी वस्तीची आखणी आणि व्यवस्था अंगावर घेतली. यंत्रांची बाजू शंभोराव जांभेकरांनी सांभाळली, हिशेब मंगेशराव रेग्यांनी, आणि नव्या कल्पना घेऊन येणारे अनंतराव फळणीकर त्यांना येऊन मिळाले. यांतील कोणाची पारख लक्ष्मणरावांनी प्रमाणपत्र पाहून केली नव्हती. स्वतःजवळच प्रमाणपत्र नसलेल्या माणसाला ते सुचणे कठीणही होते. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले आणि त्या माणसांनी विश्वास राखला. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. वेदान्ती ब्राह्मणाच्या मुलाने १९१० च्या दशकात हे करणे ही लहान गोष्ट नव्हती. घरे, पाणी, शाळा, झाडे यांवर खर्च करण्याची त्यांची वृत्ती काहींना भावनेची वाटली असेल. प्रत्यक्षात आडरानात कसबी कामगार टिकवून धरण्याचा दुसरा मार्गच नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात.

पुढे १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आयात मंदावली. किर्लोस्करांच्या नांगरांना मागणी वाढली, परंतु कच्चे लोखंड मिळेना, कोळसा मिळेना, रंगही मिळेना. या वेळी कोल्हापूरचे शाहू महाराज मदतीस आले. संस्थानातील जुन्या, निरुपयोगी तोफा त्यांनी देऊ केल्या. त्या वितळवून नांगर ओतले गेले. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळशावर भट्ट्या चालविण्याची खटपट झाली. भट्टी थंड पडू दिली नाही म्हणून युद्ध संपेपर्यंत गिऱ्हाईक टिकले.

त्यानंतरचा प्रवास सर्वश्रुत आहे. जानेवारी १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्सचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी वाडीतून किर्लोस्कर खबर हे मासिक निघू लागले. गिऱ्हाइकांशी संपर्क ठेवण्यासाठी सुरू झालेले हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादनाखाली मराठीतील एक महत्त्वाचे मासिक बनले, ही कारखानदारीच्या इतिहासातील दुर्मिळ घटना म्हणावी लागेल. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आले. १९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकण्यास गेले. ते १९२६ मध्ये परतले, त्याच सुमारास पंपांचे उत्पादन सुरू झाले. पदवीवाचून कारखाना काढणाऱ्या वडिलांनी मुलाला पदवीसाठी समुद्रापार धाडले, यात विसंगती नाही. हाताने शिकताना किती वर्षे खर्ची पडतात याचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार?

नव्या पिढीने माळाबाहेर पाऊल टाकले. १९४१ मध्ये हरिहर येथे यंत्रे बनविणारी यंत्रे तयार होऊ लागली. १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारींची आणि पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांची कंपनी स्थापन झाली. खडकीच्या या कारखान्याचा पुणे परिसराच्या औद्योगिक वाढीत मोठा वाटा आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि कारखान्यांची रांग पिंपरी-चिंचवडमार्गे चाकण-महाळुंग्यापर्यंत पोहोचली, ती पुढच्या चार दशकांत.

लक्ष्मणरावांना आयुष्याच्या उत्तरार्धात आणखी एक आघात पाहावा लागला. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर हल्ले झाले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही जमावाने पेटविला. ज्या वाडीत जातीच्या भिंती प्रयत्नपूर्वक पाडल्या गेल्या होत्या, तिलाच जातीच्या द्वेषाची झळ बसली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. जळालेला कारखाना कामगारांच्या साथीने पुन्हा उभा करण्यात आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या स्थानकाच्या भरवशावर त्यांनी निवडुंगाचा माळ पसंत केला होता, त्या कुंडल रोडच्या फलाटावरील पाटीवर आता किर्लोस्करवाडी हे नाव आहे.